सरकारी संशोधन आपल्या चुलीपर्यंत पोहोचले का?

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पांढरे कोट, काचेच्या नळ्या, दिल्ली-मुंबईच्या मोठाल्या इमारती. ते शिकल्या-सवरलेल्या मोठ्या लोकांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून आपण पान उलटतो. पण या संशोधनाला पैसा कोण पुरवतो? अंगाला लावायचा साबण, पोराच्या पायातली चप्पल, चहाबरोबरचे बिस्कीट, यातले काहीही घेतले की आपण सरकारला कर देतो. त्याच तिजोरीतून प्रयोगशाळा चालतात. म्हणजे मोलमजुरी करणारी माणसेही या संशोधनाची धनी आहेत. मग धन्याने एकदा तरी हिशेब विचारायला नको का?

हा हिशेब आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यापासून मांडतो आहोत. मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा म्हणजे बाहेरच्यांना समुद्र, किल्ला आणि माशाचे कालवण. पण याच जिल्ह्यात गेली पाऊणशे वर्षे तीन गोष्टींवर मोलाचे काम झाले आहे. त्या गोष्टी म्हणजे शेण, मैला आणि कचरा. या तिन्हींशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे आणि ते आपण मागून घेतलेले नव्हते. जातीने ते आपल्या माथी मारले होते. म्हणूनच या घाणीचा विस्तव आणि खत कसे होते, आणि त्याचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

चुलीचा धूर

कोकणातली पावसाळ्यातली चूल आठवा. ओला लाकूडफाटा, नारळाची चुडते आणि सोडणे, कुठे गोवऱ्या. फुंकणीने फुंकता फुंकता बाईचे डोळे लाल होतात आणि छाती भरून येते. मांडीवरचे मूल तोच धूर ओढत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची लाखो मुले होती. लढाई किंवा महापूर झाला की वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो. चुलीपुढे खोकत मेलेल्या बाईची मात्र कुठे बातमी होत नाही.

१ मे २०१६ रोजी केंद्र सरकारची उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरी सिलिंडर आला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण पहिला सिलिंडर संपला की दुसरा भरायला रोख पैसे लागतात. हातावर पोट असलेल्या घरात सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि रोजचा भात चुलीवरच शिजतो. म्हणून घरच्या घरी गॅस तयार करण्याच्या विद्येला आजही मोल आहे. ही विद्या म्हणजे गोबरगॅस, ज्याला आता बायोगॅस म्हणतात.

गोबरगॅसची गोष्ट

ही विद्या परदेशातून तयार होऊन आलेली नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली सांडपाण्यापासून गॅस धरून त्यावर दिवे लावले गेले. समाजाने ज्यांना वेशीबाहेर टाकले, त्यांच्या वस्तीत या देशातला हा पहिला प्रयोग झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे दिल्लीच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत शेणावर अभ्यास झाला. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाचे संयंत्र तयार केले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते उचलले आणि गावोगाव नेले.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले, भाव भडकले, तेव्हा सरकारला जाग आली. १९८१ मध्ये ऊर्जेच्या पर्यायी साधनांसाठी केंद्रीय आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्यासाठी वेगळा विभाग निघाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. १९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये 'दीनबंधु' हा विटांच्या घुमटाचा नमुना आला. कोकणाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होता. आधीच्या नमुन्यात लोखंडी टाकी उलटी तरंगत असे, आणि खाऱ्या हवेत लोखंड किती दिवस टिकते ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. दीनबंधुत तरंगती लोखंडी टाकीच नाही. सगळे बांधकाम जमिनीखाली, खर्चही कमी.

त्याचे काम समजायला सोपे आहे. शेण आणि तेवढेच पाणी कालवून हवाबंद टाकीत सोडायचे. तिथे हवेशिवाय जगणारे सूक्ष्म जंतू ते खातात आणि मिथेन नावाचा जळणारा वायू सोडतात. एक किलो शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे रोजचे २५ किलो शेण असेल तर एक घनमीटर गॅस. तेवढा गॅस सुमारे साडेतीन किलो लाकडाचे काम करतो. चार-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचे संयंत्र पुरते. उरलेली स्लरी, म्हणजे पातळ गाळ, हे उत्तम खत आहे. गोवरी जाळली की त्यातला नत्र धुराबरोबर उडून जातो. इथे विस्तवही मिळतो आणि खतही हाती राहते. थंडीत हे जंतू आळसावतात, पण कोकणची हवा बारमाही उबदार, त्यामुळे गॅस वर्षभर मिळतो.

कुडाळ तालुक्यातल्या झाराप येथील डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने हे काम जिल्ह्यात नेटाने केले. सरकारी अनुदान, बँकेचे कर्ज आणि गावातलाच शिकलेला गवंडी यांची सांगड घातली की गोबरगॅस घरोघर पोहोचतो, हे सिंधुदुर्गाने करून दाखवले. त्याआधी अनेक ठिकाणी संयंत्रे बांधली गेली, फोटो निघाले, अनुदान उचलले गेले, आणि वर्षभरात त्यात पालापाचोळा साठला. का? बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, याचा विचारच कोणी केला नव्हता. संशोधन प्रयोगशाळेत संपत नाही. गावच्या गवंड्याच्या हातात ते उतरावे लागते.

ज्याच्या दारात गुरे नाहीत त्याने काय करावे?

आता आपण मुद्द्यावर येऊ. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते. कोकणातले गुरू लहान चणीचे. तेवढ्या शेणाला पाच-सहा गुरे तरी हवीत. बौद्धवाडीत किती घरांत पाच-सहा गुरे आहेत? टाकी बांधायला घराजवळ स्वतःची जागा लागते. ती किती जणांच्या नावावर आहे? म्हणजे योजना सर्वांसाठी, पण तिचा लाभ आधीच ज्याच्या गोठ्यात गुरे आणि सातबाऱ्यावर नाव आहे त्याला. इतकेच नव्हे, पूर्वी रानात किंवा रस्त्यावर पडलेले शेण गोळा करून गोवऱ्या थापणाऱ्या बाईला ते फुकट मिळे. शेणाला किंमत आली की तेही तिच्या हातून जाते.

हा धडा कर्नाटकातल्या पुरा नावाच्या खेड्याने देशाला दिला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने तिथे सगळ्या गावाचे एकच गोबरगॅस संयंत्र उभारले. उद्देश चांगला होता, घरोघर स्वयंपाकाला गॅस. पण गावचे सगळे शेण गोळा करूनही सर्वांच्या स्वयंपाकाला गॅस पुरेना. शास्त्रज्ञांनी मग गावकऱ्यांना विचारले, तुम्हाला आधी काय हवे? उत्तर आले, पिण्याचे पाणी आणि दिवा. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली गेली, पंपाने पाणी आले, घरात दिवे लागले. जो शेण देई त्याला पैसे मिळत आणि गाळाचे खतही परत मिळे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही गावच्या बायकांना विचारल्याशिवाय खरी गरज कळली नाही. आपल्या वाडीत योजना येते तेव्हा आपल्याला कोणी विचारते का?

थोडी गुरे किंवा मुळीच नसणाऱ्यांसाठीही संशोधन झाले आहे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने घरातले खरकटे, शिळा भात, खराब पीठ यांवर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. या कामाला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ पदार्थांतून कितीतरी जास्त आणि लवकर गॅस मिळतो, हे त्याचे मर्म. गरिबाच्या घरी शिळे उरतेच किती, हा प्रश्न रास्त आहे. पण आश्रमशाळा, वसतिगृह, खानावळ, मंगल कार्यालय इथे हे चांगले चालू शकते.

कणकवलीचा प्रयोग

आता मैल्याकडे वळू. कणकवलीत १९४८ साली आप्पासाहेब पटवर्धन यांनी गोपुरी आश्रम काढला. लोक त्यांना 'कोकणचे गांधी' म्हणत. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून १९३२ मध्ये अन्नत्याग केला होता. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. गोपुरीत आप्पासाहेबांनी मेलेल्या जनावरांची कातडी स्वतः सोलली आणि कमावली, संडासाचे नवे नमुने केले, मैल्याचे सोनखत केले आणि मैल्यापासून गॅसही मिळवला.

आप्पासाहेबांच्या सचोटीबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण आपला मार्ग वेगळा होता, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, असे बजावले. एखाद्या ब्राह्मणाने मैला उचलल्याने मैला उचलणे पवित्र होत नाही. ते काम माणसाच्या हातून सुटलेच पाहिजे, मग तो हात कोणत्याही जातीचा असो. यंत्र हे माणसाला ढोरकष्टातून सोडवून त्याला विचार करायला फुरसत देते, अशी बाबासाहेबांची धारणा होती. म्हणूनच १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी विजेच्या प्रश्नात जातीने लक्ष घातले. वीज स्वस्त आणि मुबलक असावी आणि तिचे नियोजन देशपातळीवर सरकारने करावे, हे धोरण त्यांनी मांडले. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकीर्दीत, १९४४ मध्ये स्थापन झाले. सरकारी ऊर्जा-धोरणाच्या पायाभरणीत बाबासाहेबांचा हात आहे, हे आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकात क्वचितच सापडेल. ते आपणच त्यांना सांगावे.

तरीही गोपुरीच्या प्रयोगातले यंत्र आपल्या कामाचे आहे. देहू गावचे सरकारी डॉक्टर सुहास मापुसकर यांनी आप्पासाहेबांचे संडासाला जोडलेले गॅस संयंत्र पाहिले, अभ्यासले आणि सुधारले. त्याला नाव दिले 'मलप्रभा'. यात मैला संडासातून थेट टाकीत जातो. त्याला कोणाचा हात लागत नाही, कोणी पाटी उचलत नाही. बाहेर येतो तो गॅस आणि कुजलेला गाळ. देहू हागणदारीमुक्त करण्यासाठी डॉ. मापुसकरांनी कित्येक दशके खर्ची घातली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पण अशा गॅसला लोक नाक मुरडतात. मैल्याच्या गॅसवर भात कसा शिजवायचा, असे विचारतात. शेणाचा चालतो, मैल्याचा का चालत नाही? मिथेन तोच, त्याची ज्योतही तशीच निळी. इथे शास्त्राची अडचण नाही, मनाच्या विटाळाची आहे, आणि विटाळ ही काय चीज आहे ते आपल्याइतके कोणाला ठाऊक! एक खबरदारी मात्र खरी आहे. मैल्याच्या गाळात रोगजंतू आणि जंताची अंडी शिल्लक राहू शकतात. म्हणून तो ताजा वापरू नये, नीट कुजवून, सुकवूनच शेताला द्यावा.

वेंगुर्ल्याचा कचरा

सिंधुदुर्ग २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता पाहणीत सपाट प्रदेशातला देशातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला. त्याच सुमारास वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला. मुख्याधिकारी होते रामदास कोकरे. जेमतेम बारा हजार वस्तीचे हे गाव. तिथे घरातच कचरा वेगळा करण्याची सवय लावली गेली. ओल्या कचऱ्यातून गॅस आणि वीज, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, बारीक केलेले प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. नाक दाबून जावे लागे ते कचरा आगार बागेसारखे झाले आणि लांबून लोक ते पाहायला येऊ लागले.

यातले प्रत्येक तंत्र कोणा ना कोणा संशोधकाने शोधलेले आहे. डांबरात प्लास्टिक घालण्याची युक्ती मदुराईच्या महाविद्यालयातले प्रा. आर. वासुदेवन यांची. ओल्या कचऱ्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र तयार केले. अणुबॉम्बसाठी माहीत असलेल्या संस्थेत खरकट्यावरही संशोधन होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात कचरा आधी दळतात, मग सूर्याच्या उष्णतेने तापवलेले पाणी घालून पहिल्या टाकीत कुजवतात आणि त्यानंतर मुख्य टाकीत गॅस धरतात. पण त्याची एक अट आहे. करवंट्या, हाडे, शिंपले, प्लास्टिक आत जाता कामा नये, नाहीतर यंत्र बंद पडते.

आम्हाला या सगळ्यातून दिसते ती गोष्ट हीच. घरातल्या बाईने किंवा बाप्याने कचरा वेगळा केला नाही, तर तो कोणाला तरी हाताने निवडावा लागतो. तो हात कोणाचा असतो? मुंबई असो की कोकणातली नगरपरिषद, झाडू आणि कचऱ्याच्या गाडीवर बहुतेक आपलीच माणसे असतात, बरीचशी ठेकेदाराकडची. घरात दोन डबे ठेवणे म्हणजे त्या कामगाराचा हात कुजक्या, काचा-सुयांनी भरलेल्या ढिगातून बाहेर काढणे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरच्या घरी वर्गीकरण बंधनकारक केले. नियम झाला, पण डबे किती घरांत आले?

आणि टाकीत उतरणाऱ्या माणसाचे काय? हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या कायद्याने आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने बंदी आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ मध्ये गटारात उतरणारे यंत्र तयार करून दाखवले. म्हणजे कायदा आहे, यंत्र आहे. तरी माणसे गटारात उतरवली जातात आणि मरतात. यंत्रापेक्षा माणूस स्वस्त मिळतो, हे त्याचे कारण. जातीने हा हात स्वस्त करून ठेवला आहे, आणि कोणत्याही प्रयोगशाळेत यावर औषध निघणार नाही. ते आपल्या संघटनेलाच शोधावे लागेल.

आपण काय करावे?

वाचून पान मिटू नये, म्हणून काही सूचना.

१. ज्यांच्या घरी दोन-तीन गुरे आहेत त्यांनी पंचायत समितीच्या कृषी विभागात गोबरगॅसच्या चालू अनुदानाची चौकशी करावी. एक घनमीटरचे छोटे संयंत्रही असते. संडास जोडल्यास जादा मदत मिळते का, अनुसूचित जातींसाठी दर वेगळा आहे का, हे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर परत येऊ नये.

२. ज्यांच्याकडे गुरे आणि जागा नाहीत त्यांनी वाडीचे मिळून सामुदायिक संयंत्र मागावे. त्यासाठी २०१८ मध्ये केंद्राने गोबरधन नावाची योजना आणली. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. गॅस कोणाला मिळणार? खत कोणाचे? आणि रोजची मजुरी किती व कोणाला?

३. ग्रामसभेला बायकांनी जावे. चूल तिची, धूर तिचा, मग ठराव दुसऱ्याचा का?

४. गोबरगॅसच्या, संडासाच्या किंवा सेप्टिक टाकीत कोणत्याही कारणाने उतरू नये. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात. गॅसची गळती बघायला काडी ओढू नये, साबणाचे पाणी लावावे.

५. घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. काच आणि सुई कागदात गुंडाळून द्यावी. गाडीवरचा माणूस आपला भाऊ आहे.

६. दहावी-बारावीतल्या मुला-मुलींना आयटीआय, कृषी पदविका, विज्ञान शाखा यांची वाट दाखवावी. शेण-मैल्याचे ओझे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या वाहिले. त्याचे शास्त्र शिकून प्रमाणपत्र मिळवणारा, संयंत्र बांधणारा, त्याची मजुरी ठरवून घेणारा मुलगा किंवा मुलगी आता आपल्या घरातून निघाली पाहिजे.

सरकार संशोधनावर पैसा खर्च करते तो आपल्याही घामाचा असतो. कणकवली, झाराप, देहू, वेंगुर्ला इथल्या माणसांनी शेण, मैला आणि कचरा यांतून विस्तव, खत आणि उजेड निघतो हे सिद्ध केले आहे. आता तो उजेड गावाच्या कोणत्या टोकाला आधी पोहोचतो, ते ग्रामसभेच्या ठरावात ठरेल. तिथे आपण हजर असलो पाहिजे.